मूल्यमापन होईपर्यंत वापरू नये

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी नांदेडला एका संशोधन केंद्रात कंत्राटावर नोकरी करत होते. हुद्दा प्रकल्प सहायक, काम प्रोग्रामिंगचं. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड द्यायचे आणि पुन्हा नव्यानं नेमायचे. त्या एका दिवशी मी कंधारला माहेरी जायची आणि आई दरवर्षी विचारायची, "आता तरी पक्की झाली का गं?" मी म्हणायची, होईल.

केंद्रात आमचे सर होते, भूगर्भशास्त्राचे. निवृत्त होऊन लातूरला घरी बसले होते, तरी आठवड्यातून एकदोनदा एसटीनं नांदेडला यायचे. सरांना खडक कळायचा, मला कोड लिहिता यायचा. दोघांनी मिळून एक प्रोग्राम तयार केला होता. गावातल्या विहिरीची आजची पातळी, त्या साली पडलेला पाऊस, खालचा खडक आणि गावाचा उपसा एवढं त्याला दिलं की तो सांगायचा, या गावची विहीर अजून किती आठवडे पुरेल. बाकी काही नाही. त्याला आम्ही एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण तहसीलमधलं कुणीच ते घेत नसे. सगळे त्याला 'विहिरीचं' म्हणायचे. "मॅडम, विहिरीचं लावून बघितलं का?"

या प्रोग्रामचा जीव कशात होता ते सांगायला हवं, म्हणजे पुढचा माझा राग कळेल. सरांचा पहिल्या दिवसापासून हट्ट होता की जुन्या मोठ्या दुष्काळातल्या विहिरींच्या नोंदी घ्यायच्याच. अडचण अशी की तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता. ही सगळी गावं उस्मानाबाद जिल्ह्यात होती. पुढं जिल्हा वेगळा झाला, तालुके इकडचे तिकडे झाले, गावांचे क्रमांक बदलले. जुन्या नोंदीतलं गाव नव्या यादीत सापडायचं नाही. एकाच नावाची दोनदोन गावं, त्यात बुद्रुक आणि खुर्दचा घोळ. एक अख्खा पावसाळा मी आणि सर समोरासमोर बसून गावाला गाव जुळवत होतो. मी कंटाळले की सर म्हणायचे, "विहीर मागच्या खेपेला कुठवर आटली होती हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं त्या विहिरीबद्दल बोलूच नये. आपल्याकडं वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाण कुठं लागतो ते दुष्काळातच कळतं."

हे वापरणाऱ्यांत सगळ्यात पुढं होत्या एक ताई. सीमेकडच्या एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात टंचाई शाखेला त्या अव्वल कारकून होत्या. माहेर उदगीरचं, व्यापारी घर. घरात कानडी आणि बाहेर मराठी. फोनवर रागावल्या की दोन्ही भाषा एकदम यायच्या. सुरुवातीला आमचा प्रोग्राम पातळी मीटरमध्ये सांगायचा. ताईंचा फोन आला, "मॅडम, मीटर घेऊन मी काय करू? टँकर कवा लागंल ते सांगा ना." आम्ही ते बदललं. मग म्हणाल्या, गावांची नावं मराठीत दिसू द्या, साहेब लोकांना इंग्रजीतलं गाव ओळखू येत नाही. तेही केलं. त्यांच्या अशा फोनांनीच ते सुधारत गेलं. आणखी काही तहसिलींत ते तोंडोतोंडी पसरलं. मी पेनड्राइव्हवर द्यायची, कारण तिथल्या इंटरनेटचा भरवसा नव्हता.

सगळं बरं चाललं होतं असं नाही, पण चाललं होतं. आणि मग ऐन चैत्रात ताईंचा फोन आला.

"मॅडम, वरून पत्र आलंय. विहिरीचं वापरायचं न्हाई म्हणतेत."

"का? चुकलं का कुठं?"

"चुकायचं काय त्यात. मूल्यमापन होईपर्यंत वापरू नये, असं लिवलंय. विज्ञानाच्या म्हणून जितक्या प्रणाली हायेत, त्या सगळ्यांचं मूल्यमापन व्हायचंय म्हणे. दर्जा, शाश्वतता आन् परिणाम."

"आणि तोवर?"

"तोवर अंदाजपंचे," ताई म्हणाल्या आणि पुढं कानडीत काहीतरी बोलल्या. ते मला कळलं नाही, पण चांगलं नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाऊस पडत असताना कुणाला मूल्यमापन सुचलं नाही. मागची दोन वर्षं आम्हीच पत्रं लिहून विनंती करत होतो की कुणीतरी येऊन हे तपासा. तेव्हा कुणी फिरकलं नाही. लातूर शहराच्या नळाला पाणी येणं बंद झालं, शिकवण्यांसाठी आलेली मुलं वसतिगृहं सोडून गावी निघाली, त्या महिन्यात यांना आठवण झाली.

सरांना मात्र आनंद झाला होता. ते म्हणाले, "तपासलंच पाहिजे. आपण चुकत असलो तर गावं तहानेली राहतील. कुणी तिऱ्हाईत येऊन बघत असेल तर चांगलंच आहे." मग आम्ही तयारीला लागलो. मागल्या दोन उन्हाळ्यांत प्रोग्रामनं कोणत्या गावाबद्दल काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारीशेजारी मांडलं. जिथं चुकलं ती गावं सरांनी मुद्दाम वर घेतली. का चुकलं तेही लिहिलं. एका गावात कुणी नवीन विंधनविहिरी पाडल्या होत्या, त्या आम्हाला माहीत नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी पातळी मोजणाऱ्यानं घरी बसून आकडा टाकला होता. सर म्हणाले, "चुका झाकल्या तर समितीनं तपासायचं काय?"

समितीची बैठक लातूरला एका सरकारी सभागृहात होती. मी पहाटेची एसटी धरली आणि थेट सभागृहात पोचले. सर घरून रिक्षानं आले. ताई रजा टाकून आल्या होत्या, कारण त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

समितीत तिघे होते. अध्यक्ष बाहेरगावचे एक निवृत्त प्राध्यापक, बोलायला गोड. त्यांच्या उजव्या हाताला सॉफ्टवेअरचे एक तज्ज्ञ, जे सगळा वेळ आपल्याच लॅपटॉपमध्ये बघत होते. डाव्या हाताला एक अधिकारी. ज्या शहरात लोक घागरी घेऊन रांगेत उभे होते, तिथं या टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. दोन घोट घेऊन माणसं बाटली बाजूला सारत होती आणि शिपाई नवी आणून ठेवत होता.

पहिला प्रश्न अध्यक्षांनी सरांना विचारला, "यावर शोधनिबंध किती?"

"एक," सर म्हणाले. "मराठीत वाचलेला, एका परिषदेत."

"आंतरराष्ट्रीय नियतकालिकात?"

"नाही."

"दुसऱ्या संशोधकांनी याचा उल्लेख केलाय कुठं?"

"संशोधकांनी नाही. तहसीलदारांनी केलाय, टँकरच्या प्रस्तावांत."

अध्यक्ष हसले. तज्ज्ञांनी मान वर न करता विचारलं, "डाउनलोड किती आहेत?" मी म्हटलं, आम्ही पेनड्राइव्हवर देतो. त्यांनी "पेनड्राइव्ह" एवढा एकच शब्द उच्चारला आणि टाइप केला.

मग परिणामाकडं आले. याचा समाजावर परिणाम काय झाला आणि तो तुम्ही कसा मोजला, असं विचारलं. मी काही बोलायच्या आत ताई मागच्या रांगेतून उठल्या. "साहेब, मी वापरते. दोन उन्हाळे झाले. ज्या गावाला लागतंय त्या गावाला टँकर आधी जातो, भांडण होत न्हाई."

अधिकारी म्हणाले, "तुमच्या कार्यालयाचं तसं प्रमाणपत्र आहे का?"

"मीच आलेय की साहेब."

"तुम्ही व्यक्तिगत आलात. बसा."

आमच्या चुकांचा तक्ता सरांनी मोठ्या हौसेनं पुढं केला. अध्यक्षांनी तो वरवर पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे ही प्रणाली चुकते हे तुम्हीच मान्य करता." सर समजावून सांगायला लागले की चूक किती आणि कुठल्या बाजूची हे माहीत असणं म्हणजेच भरवसा, ज्याची चूक कुणी कधी मोजलीच नाही त्याला अचूक म्हणता येत नाही. अध्यक्ष मान डोलावत होते आणि तज्ज्ञांनी दर्जाच्या रकान्यात आकडा टाकूनही टाकला होता. मला तो दिसला. सरांचं वाक्य अजून संपलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न शाश्वततेचा. "उद्या तुम्ही दोघं नसाल तर हे कोण चालवणार?"

प्रश्न खरा होता. सर सत्तरीला टेकले होते आणि माझी नेमणूक दोन महिन्यांत संपत होती. रात्रंदिवस मला हीच काळजी असायची. मी म्हटलं, "साहेब, तेच आम्ही विचारतोय. एक माणूस कायम द्या, मी त्याला शिकवते. किंवा प्रत्येक तहसिलीतून एकेक जण शिकायला पाठवा."

"तो समितीचा विषय नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनीही काहीतरी लिहिलं. प्रश्न विचारायचा हक्क यांना होता, त्यावर काही करायचा नव्हता. आजारी माणसाला डॉक्टरनं तपासावं, तू आजारी आहेस म्हणून गुण कापावेत आणि उठून जावं, तसं वाटलं मला.

आमच्यानंतर एका कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय लावलेला, चटपटीत. पडद्यावर नकाशा उमटला आणि खरंच सांगते, देखणा होता. गावं हिरवी, पिवळी, लाल. बोट लावलं की गाव फुलायचं. त्यात एक भाग वेगळ्या रंगाच्या रेषेनं वेढलेला होता. अधिकारी खुर्चीत पुढं सरकले. "अरे वा! नवा जिल्हापण दाखवलाय!"

त्या वर्षी नव्या जिल्ह्याची चर्चा फार होती. आज होणार, उद्या होणार. कुणी फटाक्यांची ऑर्डर दिली होती, कुणी मुख्यालय आमच्याकडंच पाहिजे म्हणून मोर्चे काढत होते. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा पाहिजे होता. जो जिल्हा झालाच नव्हता तो या कंपनीनं आधीच रंगवून ठेवला होता. प्रतिनिधी म्हणाला, "आम्ही भविष्याचा विचार करतो, सर." तज्ज्ञांनी पहिल्यांदाच लॅपटॉपमधून मान वर काढली आणि शाश्वततेचे गुण दिले असावेत.

मला राहवलं नाही. ताईंच्या तालुक्यातलं एक गाव माझ्या चांगलं लक्षात होतं, कारण ते जुळवताना आम्हाला फार त्रास झाला होता. मी उभी राहून त्या गावाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "ते उघडा जरा." त्यानं उघडलं. गाव हिरवं होतं.

"जुन्या दुष्काळात तिथली पातळी किती होती, दाखवा."

"लातूर जिल्हा निर्मितीच्या आधीचा डेटा सिस्टीममध्ये नाही, मॅडम. जिथं माहिती कमी आहे तिथं सिस्टीम शेजारच्या गावांची सरासरी घेते."

सरांचे कान लाल झाले. एवढ्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अहो, ते गाव माळावर आहे. शेजारची तिन्ही गावं नदीकाठी. त्यांची सरासरी याला कशी लागू होईल? तिथं थोड्या फुटांवर काळा पाषाण आहे!"

अध्यक्ष मवाळपणे म्हणाले, "सर, आपण इतक्या तपशिलात नको जायला."

"हा तपशील नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "साहेब, ते गाव आहे. माणसं राहतात तिथं. तुमच्या गुणपत्रिकेत विहिरीला एक तरी रकाना आहे का? शोधनिबंधाला आहे, डाउनलोडला आहे, रंगीत नकाशाला आहे. हे जे सांगतंय ते खरं निघालं का, हे तुम्ही आम्हाला किंवा यांना, कुणालाच विचारलं नाही. आम्ही न विचारता सांगितलं तर आमचे गुण कापले."

"मॅडम, बसा."

मी बसले नाही. बाहेर गेले. सर आणि ताई थोड्या वेळानं आले. सर एवढंच म्हणाले, "चहा घेऊ." बाजूच्या टपरीवाल्यानं पाण्याअभावी चहा बंद केला होता. आम्ही तसेच घरी गेलो.

पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. कंपनीची प्रणाली निवडली गेली. आमच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'स्थानिक स्वरूपाचा स्तुत्य प्रयत्न'. स्तुत्य हा शब्द मला त्या दिवसापासून शिवीसारखा लागतो.

वैशाखात ताईंचा फोन आला. त्या माळावरच्या गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक तहसिलीत येऊन बसले होते. दुष्काळी भागात सुट्टीतही पोरांना शाळेत खिचडी द्यायचा आदेश होता. तांदूळ होते, डाळ होती, सरपण होतं, शिजवायला पाणी नव्हतं. चार दिवसांपासून पोरं ताटल्या घेऊन यायची आणि रिकाम्या घेऊन जायची. ताईंनी टँकरचा प्रस्ताव केला तर वरून उत्तर आलं, प्रणालीनुसार गावाची स्थिती समाधानकारक आहे. ताईंनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून एक मुलगी हिंदीत म्हणाली, आपकी शिकायत दर्ज कर ली गयी है.

मी दुसऱ्या दिवशी गेले. स्टँडवरून ताईंनी मला स्कूटीवर मागं बसवलं आणि आम्ही थेट गावात गेलो. विहीर गावाच्या वरच्या अंगाला होती. तळाशी काळा पाषाण उघडा पडला होता. एका कपारीतून पाणी पाझरत होतं आणि एक बाई खाली उतरून वाटीनं ते भांड्यात जमा करत होती. काठावर आठदहा जणी आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीनं ताईंना ओळखलं. म्हणाली, "बाई, टँकर काऊन येईना झालाय?"

ताई म्हणाल्या, "आजी, वर नकाशात तुमच्याकडं पाणी दाखवून राहिलंय."

"आमच्याकडं? कुणी म्हणलं?"

"नकाशा म्हणतोय."

"मग त्या नकाशातलं तरी आणून द्या की," म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. मला हसू आलं नाही. खरं म्हणजे मला तिथं उभं राहवत नव्हतं. समितीतले तिघं, तो टाय, त्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या सगळं डोळ्यांपुढं आलं. त्यांच्यापैकी कुणाला या काठावर आणून उभं करावं आणि विचारावं, द्या आता गुण.

परत कार्यालयात येऊन ताईंनी दार लोटून घेतलं नाही की काही नाही. सगळ्यांदेखत आमचा बंद केलेला प्रोग्राम चालू केला. त्या गावापुढं उत्तर आलं, विहीर फाल्गुनातच आटायला हवी होती. ताईंनी त्याची छापील प्रत काढली, टँकरच्या प्रस्तावाला जोडली आणि मला घेऊन तहसीलदारांकडं गेल्या. तहसीलदार नवीन होते, तरुण, पुण्याकडचे. कागद बघून दचकले.

"ताई, हे अनधिकृत आहे. वापरायचं नाही असं पत्र आहे ना?"

"हाव साहेब, पत्र हाय. हे अनधिकृत असंल. पण गाव तर अधिकृत हाय ना? गाव बघायला चला."

ते गेले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. जीप काढली, विहिरीवर गेले, वाकून खाली बघितलं, शाळेतही गेले. परत आल्यावर प्रस्तावावर सही केली आणि आपल्या जबाबदारीवर टँकर पाठवला. त्या आठवड्यात त्यांनी ताईंना आमच्या प्रोग्रामवरून बाकीची हिरवी गावंही तपासायला लावली आणि स्वतः फिरून आले. आणखी दोन गावं तशीच निघाली. तिथंही टँकर गेला.

असं सगळं होऊनही ताईंना नोटीस आली. 'स्पष्ट मनाई असताना अनधिकृत संगणक प्रणालीचा वापर केल्याबद्दल खुलासा सादर करावा.' खाली सही त्याच तहसीलदारांची होती. मी त्यांना फोन करून विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः विहीर पाहिलीत ना?" ते म्हणाले, "वरून आलंय मॅडम, मला पुढं पाठवावंच लागतं." टँकरला सही करायचं धाडस होतं आणि नोटीस अडवायचं नव्हतं. त्यांना चांगला माणूस म्हणावं का, हे माझं अजून ठरलेलं नाही.

माझी नेमणूक संपली ती त्या वेळी पुन्हा झाली नाही. प्रकल्प पूर्ण झाला असं कारण दिलं. आईनं यंदा काही विचारलंच नाही, नुसतं ताट वाढलं.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. मला वाटलं धीर द्यायला केलाय. तर म्हणाले, "त्यांचा शेवटचा प्रश्न बरोबर होता. विचारणारे चुकीचे होते, पण प्रश्न बरोबर होता. आपल्यानंतर कोण? ते काही करणार नाहीत. आपण करू."

सरांच्या शेजारी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेणारे एक गृहस्थ राहत. पाण्यामुळं मुलं गावी गेली होती आणि त्यांचा मोठा हॉल, बाकं, फळा, पंखे सगळं रिकामं पडलं होतं. त्यांनी किल्ली सरांच्या हातात दिली. मी प्रोग्राम कुणालाही फुकट घेता येईल, उघडून बघता येईल आणि बदलता येईल असा इंटरनेटवर ठेवला. त्याची माहितीपुस्तिका मराठीत लिहिली, ताईंना वाचून दाखवली, आणि त्यांना जिथं जिथं अडलं तिथं तिथं पुन्हा लिहिली. मग रविवारी वर्ग सुरू केले. येतील दोघंतिघं असं वाटलं होतं. कंधारहून कृषी सहायक आले, अर्धापूरहून केळीच्या बागा असलेले एक जण आले, हिमायतनगरहून पंचायत समितीतली एक संगणक चालक आली. प्रत्येकानं आपापली पाण्याची बाटली घरून आणायची असा नियम होता, आणि सगळे पाळायचे.

हिमायतनगरची ती बाई सुरुवातीला काही बोलत नसे. तिचे वडील गावात रोजंदारी करायचे. बौद्ध घरातली, गावातली पहिली पदवीधर. तिसऱ्या रविवारी तिनं हात वर केला. म्हणाली, "मॅडम, कुणी गावाच्या नावात वेलांटी ऱ्हस्व लिहिली तर हा प्रोग्राम ते गाव सोडूनच देतो. आमच्याकडं तर प्रत्येक जण वेगळी लिहितो." मी तपासलं. बरोबर होतं. मला आजवर दिसलं नव्हतं, समितीतल्या तज्ज्ञांना तर दिसायचा प्रश्नच नव्हता. मी तिला म्हटलं, "तूच दुरुस्त कर." तिला दोन रविवार लागले. तिनं दुरुस्त केलं तेव्हा सरांनी शिट्टी वाजवली, सत्तरीच्या माणसानं. माझ्या आणि सरांच्या हाताबाहेर कुणीतरी त्या कोडला हात लावला होता आणि तो मोडला नव्हता. शाश्वतता म्हणतात ती काय असते ते मला त्या रिकाम्या वर्गात कळलं.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. कंपनीच्या प्रणालीचा करार पुढं संपला आणि एका सकाळी तहसिलींतल्या पडद्यांवर नकाशाच्या जागी 'सेवा उपलब्ध नाही' असं यायला लागलं. त्या नकाशातला नवा जिल्हा अजून झालेला नाही. 'विहिरीचं' मात्र चालू आहे. अलीकडं मला अजिबात माहीत नसलेली माणसं ते वापरतात आणि एकमेकांना विचारून सुधारतात. एकदा मलाच तसल्या एका समितीवर बोलावलं होतं. दुसरीच प्रणाली होती, धरणाच्या पाण्याची. मी म्हटलं, आधी ती जिथं वापरतात तिथं जाऊन बघू. ते कार्यकक्षेत बसत नाही म्हणाले. मी एकटी जाऊन आले आणि जे पाहिलं ते लिहून दिलं. पुन्हा बोलावणं आलं नाही.

हे सगळं एक वेळ सोडून देता येईल. ताईंचं देता येत नाही. त्यांचा खुलासा अमान्य झाला आणि सेवापुस्तकात शेरा पडला. नायब तहसीलदार व्हायची त्यांची वेळ आली तेव्हा त्या शेऱ्यामुळं नाव मागं राहिलं. ज्यांनी ती तीन गावं हिरवी ठरवली त्यांच्यापैकी कुणाच्या पुस्तकात काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. ताई म्हणतात, "जाऊ द्या मॅडम, पोरांना खिचडी मिळाली ना?" त्यांना जाऊ देता येतं. मला नाही येत. तो शेरा काढावा म्हणून मी अर्ज करत असते, आणि दर वेळी एकच उत्तर येतं, प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. मागच्या महिन्यात मी पुन्हा अर्ज केला. सोबत विहिरीचा फोटो लावलाय.